थोरलीचा उच्चार

“अजून एकदा म्हणते. तू मासे चिरत राहा, फक्त कान इकडे दे,” असे म्हणून डार्लाने फ्रिजला चुंबकाने लावलेला कागद काढला आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

फिलोमेनने सुरी थांबवली नाही. सकाळीच जाळ्यातून काढलेले मासे पाटावर आडवे पडले होते. काट्याच्या कडेने सुरी शिरवायची, शेपटीपर्यंत न्यायची, मग कातडीपासून सुटू न देता मांसाला आडव्या चिरा द्यायच्या. तीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेल्या तिच्या हातांना त्र्याहत्तराव्या वर्षी या कामासाठी डोळ्यांची गरज उरली नव्हती.

डार्ला बोलू लागली. तिची आजी मॉनिक, म्हणजे फिलोमेनची थोरली बहीण, जाऊन आज वर्ष होत होते. दुपारी किनाऱ्यावर अग्नीला अन्न द्यायचे होते, आणि त्या वेळी गेलेल्यांना उद्देशून जे शब्द बोलायचे, ते आज प्रथमच पन्नाशीच्या आतले माणूस बोलणार होते. तेही इंग्रजीत नव्हे, आपल्या डेने जमातीच्या बोलीत. आम्ही जमलो आहोत. आम्ही तुमच्यासाठी अन्न आणले आहे. आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही. अशी पाच वाक्ये होती. डार्लाचा सूर चांगला होता. नाकातले स्वर थेट मॉनिकचे होते.

व्यंजनेही थेट मॉनिकचीच होती, आणि तिथेच घोटाळा होता.

या बोलीत माणूस एकट्याची गोष्ट सांगतो तेव्हा क्रियापदाच्या गाभ्यातले व्यंजन सैल असते, श्वासाबरोबर घासत जाते. तीच गोष्ट दोघांची किंवा सगळ्यांची झाली, की ते व्यंजन आवळते. घशात घासणारा ग कोरडा आणि टणक होतो. ल च्या आधी द येऊन बसतो. सळसळणाऱ्या ज़ ला द ची टाच लागते. हे कोणी कोणाला शिकवीत नसे. आईच्या पाठीवर बांधलेली मुले ते नुसते ऐकून उचलत. डार्लाच्या पाचही वाक्यांत व्यंजन आवळले नव्हते. दार लोटावे आणि कडी बसू नये, तसा प्रत्येक शब्द किलकिला राहत होता.

“कसं वाटलं?”

“आवाज छान लागला.”

“आवाजाचं नाही विचारत, धाकटी आजी. चुका सांग.”

“हे धुरावर टांगायला कोण जाणार आहे? मी?”

“बघ, टाळलंस. म्हणजे बरोबर आहे.” डार्ला हसली. “चूक असती तर तुझी भुवई वर गेली असती. मास्तरसुद्धा घाबरायचे म्हणे तुझ्या भुवईला.”

फिलोमेनची भुवई जागची हलली नव्हती. नऊ वर्षे तिने ती हलू दिली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी, सरोवर गोठलेले असताना, मॉनिकला झटका आला. विमानाने तिला दक्षिणेला इस्पितळात नेले. बर्फ फुटायच्या सुमाराला ती परत आली ती आपल्या पायांनी चालत, वैमानिकाला दोन शब्द सुनावत. वाकडे झालेले तोंड सरळ झाले होते. हात शिवणकामाला पूर्वीसारखा लागला होता. फक्त जिभेची एक बाजू परतली नव्हती. जिभेने टाळूवर आपटून काढायचे जे जे व्यंजन, ते तिच्या तोंडी विरघळू लागले. मॉनिकला त्याचा पत्ता नव्हता. मनात जे उमटे, तेच आपल्या तोंडून निघते आहे अशी तिची खात्री होती.

एकदाच तिने विचारले होते. दोघी जोड्यांवर मणी शिवीत बसल्या होत्या.

“फिलो, माझी जीभ नीट चालते ना गं? हल्ली लोक दोनदा विचारतात.”

“लोकांचे कान गेलेत, ताई. तुझी जीभ पूर्वी चालायची त्याच्या दुप्पट चालते.”

मॉनिक इतकी हसली की तिच्या मांडीवरचे मणी जमिनीवर सांडले. ते वेचताना फिलोमेनने मान वर केली नाही.

त्याच उन्हाळ्यात विद्यापीठातून ज्यूडिथ आली. दोन पेट्या यंत्रे, एक तंबू आणि अतिशय सभ्य बोलणे घेऊन आली. ही बोली घडाघडा बोलणारी वस्तीत तेव्हा तिघेच उरली होती. मॉनिक, फिलोमेन आणि जोनास. पैकी जोनास खाणीत सुरुंग लावता लावता ठार बहिरा झालेला. तेव्हा बहिणी दोघीच बसत. ज्यूडिथ म्हणे, “आधी मॉनिकबाई म्हणतील, मग तुम्ही तेच म्हणा.” मॉनिक वाक्य म्हणे. ते सैल, विरघळलेले वाक्य यंत्रात जाई आणि मायक्रोफोन फिलोमेनकडे वळे.

थोरल्याचे बोलणे थोरल्याच्या तोंडावर दुरुस्त करायचे नसते. एवढेच असते तर फिलोमेन गप्प राहिली असती आणि प्रश्न मिटला असता. पण थोरल्याने म्हटलेले वाक्य लगेच त्याच्या मागून वेगळे म्हणणे, हीसुद्धा दुरुस्तीच धरतात. किंबहुना अधिक झोंबणारी. आणि ही थोरली म्हणजे तरी कोण? फिलोमेन सहा वर्षांची असताना दोघींना मिशनच्या शाळेत नेले, तेव्हा मॉनिक नऊची होती. आपली बोली बोलल्याबद्दल तिथे हातावर पट्टी बसत असे. मॉनिकने धोबीघर शोधून काढले. कपडे धुण्याची यंत्रे सुरू असली की बाहेर काही ऐकू जात नसे. त्या घरघरीत ती धाकटीची हनुवटी धरून तिच्याकडून क्रियापदे म्हणून घेई. “असं लुळं नाही म्हणायचं, फिलो. आपण दोघी आहोत ना? मग जीभ वर लाव. जोरात. तिथं सोड.” फिलोमेनच्या तोंडातले प्रत्येक आवळलेले व्यंजन मॉनिकने बसवलेले होते. तिला आता यंत्रासमोर दाखवायचे, की तुझे बिघडले आणि माझे शाबूत आहे?

फिलोमेनने बहिणीच्या मागून बहिणीसारखेच म्हटले. पहिल्या दिवशी तिचे कान तापले. दुसऱ्या दिवशी कमी तापले. पाच उन्हाळे असे गेले.

ज्यूडिथला शंका आली नव्हती असे नाही. तिने एकदा वही पुढे ओढून विचारले, “पलीकडच्या किनाऱ्यावर या जागी व्यंजन बदलतं. जुन्या टिपणांत तसं आहे. तुमच्याकडे बदलत नाही का?”

“माझी बहीण म्हणते ना, तसं,” फिलोमेन म्हणाली.

वस्तीतल्या कोणालाही या उत्तरातला नकार ऐकू आला असता. ज्यूडिथने होकार लिहून घेतला. तिचा चेहरा उजळला होता. या किनाऱ्याने हा बदल सोडून दिला आहे, हे अभ्यासकांना फार मोलाचे वाटेल, असे ती म्हणाली. मॉनिकने मान डोलावली. आपल्या बोलण्याला मोल आहे, हे तिला कोणी प्रथमच सांगत होते.

त्यानंतर डार्ला शहरातली नोकरी सोडून आली आणि आजीच्या पायाशी बसून शिकली. ध्वनिफिती ऐकून शिकली, मग इतरांना शिकवू लागली. शनिवारच्या वर्गाला चाळीस माणसे येऊ लागली. आई-बापांच्या तोंडून जी बोली त्यांना मिळाली नव्हती, ती या मुलीकडून मिळत होती. रस्त्यात भेटली की ती माणसे फिलोमेनला मोठ्या अभिमानाने हाक मारीत, आणि चाळीस धडधाकट तोंडांतून तिला मॉनिकची लुळी पडलेली जीभ ऐकू येई.

आज दुपारच्या विमानाने ज्यूडिथ ध्वनिफितींवरून तयार केलेल्या शाळेच्या पुस्तकाची शेवटची प्रत घेऊन येणार होती. फिलोमेनचा ‘हो’ घेतला की पुस्तक छापायला जाणार होते. फिलोमेनने मनाशी ठरवले होते. अग्नीला अन्न दिले की थोरलीचे वर्ष पुरे होते, आणि मग तिच्याविषयी बोलण्याची मोकळीक मिळते. अग्नी आणि तो ‘हो’ यांच्यामधल्या घटकाभरात बोलायचे. आज नाही बोलली, तर छापलेले पुस्तक तिच्या मागे उरेल आणि तिच्याजवळचे खरे तिच्याबरोबर जाईल.

किनाऱ्यावर वारा बोचरा होता. भूर्जाची पाने पिवळी पडून पाण्यावर येत होती. ताटात कॅरिबू हरणाची जीभ, माशाच्या पोटाचा चरबीचा तुकडा, तव्यावरची जाड भाकर, चिमूटभर तंबाखू, असे जे जे उत्तम ते वाढले होते. डार्लाने ताट अग्नीत रिकामे केले आणि ती बोलली. कुठे अडखळली नाही. लोकांनी टोप्या काढल्या होत्या. पुष्कळ जण रडत होते.

“पोरगी काय बोलली?” जोनासने कोपराने ढोसून विचारले.

“चांगलं बोलली!” फिलोमेन त्याच्या कानात ओरडली.

“ओठ झकास हलले,” जोनास समाधानाने म्हणाला. “मॉनिकचे असेच हलायचे.”

सभागृहात जेवणे उरकत आली, तेव्हा ज्यूडिथने टेबलाचा कोपरा पुसून त्यावर पुस्तक ठेवले. मुखपृष्ठावर मॉनिकचा फोटो होता, डोक्याला फुलांचा रुमाल बांधलेला. फिलोमेनने तो पालथा हात ठेवून झाकला, आणि मग ती म्हणाली,

“हे छापू नका.”

“काही राहिलं का?”

“चूक आहे. सगळ्यांचं बोलताना जे जे म्हणून आहे, ते सगळं चूक आहे. तिथं व्यंजन आवळतं. माझ्या बहिणीची जीभ झटक्यानं गेली होती. तिला येत होतं, म्हणता येत नव्हतं.”

ज्यूडिथने चष्मा काढला. ती वाईट बाई नव्हती. तिने आवाज आणखी खाली आणला.

“फिलोमेनबाई, असं पुष्कळांना वाटतं. आपल्या लहानपणीचं तेवढं खरं, असं वाटतं. पण भाषा बदलते. त्यात चूक काही नसतं.”

“बदलली नाही. आजारी पडली.”

“मग हे?” ज्यूडिथने संगणकावर बोट ठेवले. आधी मॉनिकचा आवाज आला. पाठोपाठ दुसरा, निरोगी, खणखणीत, तेच सैल व्यंजन तितकेच सैल म्हणणारा. एक वाक्य, दुसरे वाक्य, तिसरे. “हा आवाज कोणाचा?”

“माझाच.”

“तुम्हाला तर झटका आला नव्हता.”

 फिलोमेन तसे का बोलली, हे या बाईला सांगायला किती उन्हाळे लागले असते? शेवटी ती एवढेच म्हणाली, “ती थोरली होती.”

“मग तुम्ही म्हणून दाखवा,” ज्यूडिथ म्हणाली. “तुम्ही म्हणता तसं.”

आजूबाजूची माणसे आता ऐकू लागली होती. फिलोमेन उठून उभी राहिली. टेबलाच्या कडेला हात टेकून, नऊ वर्षांत प्रथमच, तिने ते वाक्य मोठ्याने म्हटले. आम्ही जमलो आहोत. जीभ टाळूवर बसली, क्षणभर थांबली आणि सुटली. त्या एका आघाताने तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

 मग पलीकडच्या टेबलावरून पंचायतीचा लिऑन म्हणाला, “काय काकू, पलीकडच्या किनाऱ्यावर लग्न ठरवलंत की काय? आम्हाला आमंत्रण नाही ते!”

सगळे हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. त्यांना ते खरोखरच परक्या वस्तीचे बोलणे वाटले होते.

फिलोमेन जोनासकडे वळली. तिने त्याची बाही धरली. “जोनास! तू सांग यांना! मॉनिक कशी बोलायची? आधी, झटक्याच्या आधी?”

“मॉनिक?” जोनासने चहाचा पेला खाली ठेवला आणि विचार केला. “गोड बोलायची. मला शिव्या घालायची तेव्हा तर फारच गोड.”

पुन्हा हशा झाला. त्या हशात एक माणूस हसत नव्हते. डार्ला चहाची किटली हातात घेऊन उभी होती, आणि वाफ तिच्या हातावर येत असूनही तिने किटली खाली ठेवली नव्हती.

“म्हणजे आज मी अग्नीसमोर जे बोलले, ते...”

“डार्ला, ऐक...”

“आजी गेली त्या दिवशी सकाळी मी तिच्याशी बोलत होते. म्हटलं, आपण पुढच्या वसंतात बर्फ फुटला की जाळी टाकायला जाऊ. तिनं माझा हात दाबला होता.” तिचा आवाज एका पट्टीत चालला होता, पाठ म्हणावा तसा. “तिला कळलं होतं ना? की मी नुसतेच आवाज काढत होते? तूच सांग. तू तिथंच होतीस, उशाशी.”

फिलोमेनला ती सकाळ आठवत होती. मॉनिकने हात दाबला होता हे खरे. डार्ला पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा मॉनिकने धाकटीकडे मान वळवून विचारले होते, “पोरगी अशी का बोलते गं? हिला कोणी शिकवलं असं?” आणि फिलोमेनने तिच्या ओठांना पाणी लावून म्हटले होते, “लहान आहे, ताई. शिकेल.”

डार्ला उत्तराची वाट पाहत होती. एकतीस वर्षांची बाई, पण किटली धरलेले तिचे हात लहान मुलीसारखे ताठ झाले होते. मागे चाळीस माणसे बसली होती. आपण अखेर काही तरी कमावले, या समजुतीने ती माणसे गेली चार वर्षे ताठ मानेने चालत होती. मुखपृष्ठावर मॉनिक हसत होती. फिलोमेनने फोटोवरचा हात काढून घेतला.

“कळलं होतं,” ती म्हणाली. “शब्द न् शब्द कळला होता.”

“मग आत्ता तू...”

“माझंच चुकलं. वय झालंय बाई. लहानपणी शाळेत पलीकडच्या पोरी होत्या, त्यांचं माझ्या डोक्यात बसलेलं. ताई म्हणायची तेच खरं.”

ज्यूडिथने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लेखणी पुढे केली. फिलोमेनने दाखवलेल्या जागी आपले नाव लिहिले. तिचे अक्षर अजून मिशनच्या शाळेत गिरवून घेतले होते तसेच सरळ, गोल, निर्दोष होते. लिऑनने टाळ्या वाजवल्या. इतरांनीही वाजवल्या.

डार्लाने किटली ठेवली, फिलोमेनच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या रुमालावर गाल टेकला.

“घाबरवलंस गं मला,” ती तिच्या कानाशी म्हणाली. “तुझं विसरायला होतंय ना? लाज कसली त्यात? तू शनिवारी वर्गाला येत जा. मी तुला पुढच्या खुर्चीवर बसवते. हळूहळू येईल सगळं परत.”

“येईन,” फिलोमेन म्हणाली.

शनिवारी ती गेली. चांगला रुमाल बांधून, वेळेच्या आधी दहा मिनिटे गेली. पुढची खुर्ची तिने घेतली नाही. ती शेवटच्या रांगेत खिडकीजवळ बसली. डार्लाने फळ्यावर पुस्तकातले पहिले वाक्य लिहिले, मागे वळून सगळ्यांकडे पाहिले आणि ते स्पष्ट, सावकाश म्हटले. चाळीस माणसांनी तिच्यामागून म्हटले. डार्लाची नजर शेवटच्या रांगेवर येऊन थांबली. तिने हसून मान डोलावली, की आता तू एकटी म्हण.

फिलोमेनने हात मांडीवर जुळवले आणि वाक्य सुरू केले. मधल्या शब्दापाशी तिची जीभ आपोआप टाळूकडे निघाली. तिने ती अर्ध्या वाटेवर थांबवली, आणि तिथूनच श्वास सोडला.

“वा!” डार्ला म्हणाली. “अगदी बरोबर.”